माळ्यावर, बॉनेटखाली आणि तीन विभागांच्या मधल्या फटीत

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, पालघर



भातकापणी आटोपली की बोईसरच्या गॅरेजांमध्ये एका ठरावीक तक्रारीच्या गाड्या येऊ लागतात. गाडी सुरूच होत नाही, किंवा सुरू होते पण डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा काही केल्या विझत नाही. मेकॅनिक बॉनेट उचलतो, एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा सोडवतो आणि मालकाला जवळ बोलावतो. आतल्या कागदी फिल्टरची चाळण झालेली असते. त्यावर भाताचा पेंढा, बॉनेटच्या आतल्या फेल्टचा कुरतडून केलेला मऊ लगदा, चिकूच्या दोन-चार काळ्या बिया आणि एखाद्या वेळी सुक्या बोंबलाचं डोकं. बाजूने इंजेक्टरकडे जाणाऱ्या वायरीचं प्लास्टिक सोललेलं, आतली तांब्याची तार लखलखीत. घर बांधायला जागा, उबेला इंजिन, दात घासायला वायर. उंदराने सगळी सोय बघूनच मुक्काम टाकलेला असतो.

तुटलेली तार जोडून भागलं तर मालक नशीबवान. पूर्ण वायरिंग हार्नेस बदलायची वेळ आली की बिल खिशाला भोक पाडतं. विमा कंपनीकडे जावं तर उंदराने केलेलं नुकसान पॉलिसीत धरलंय की नाही, हे कंपनीगणिक बदलतं आणि बहुतेकांना ते दावा करतानाच कळतं.

गाडी खाजगी, माळा खाजगी, मग यात जिल्हा परिषदेचा काय संबंध, असं कुणीही विचारील. संबंध असा की माळ्यावरचा उंदीर घरमालकाचा, बांधावरचा उंदीर कृषी विभागाचा, त्याच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस आरोग्य विभागाचा आणि ज्या उकिरड्यावर तो पोसला जातो तो उकिरडा ग्रामपंचायतीचा, अशी आपण त्याची वाटणी करून टाकली आहे. उंदीर ही वाटणी मानत नाही. एका रात्रीत तो चौघांच्या हद्दीतून फिरून येतो. शेती, आरोग्य आणि ग्रामपंचायत हे तिन्ही विभाग जिल्ह्यात ज्या एका टेबलावर एकत्र येतात, ते टेबल आपलं आहे. पत्राचा पत्ता म्हणूनच हा.

प्राणिशास्त्र शिकलेला माणूस इथे हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. उंदीर म्हणजे एकच प्राणी नव्हे. भातखाचराच्या बांधात बिळं करून लोंब्या साठवणारा वेगळा, पाया पोखरणारी धिप्पाड घूस वेगळी, आणि वाशांवरून सर्कशीतल्यासारखा धावणारा, माळ्यावर नि बॉनेटखाली राहणारा लांब शेपटीचा घरउंदीर वेगळा. चिचुंद्री तर उंदरांच्या कुळातलीच नाही. ती किडे खाते आणि उगाच मार खाते. उपाय करताना हा फरक पाहावा लागतो. जमीन उकरणाऱ्याचा बंदोबस्त उकिरड्यावर आणि बांधावर होतो, चढणाऱ्याचा फटी बुजवून. दोघांना एकच विषाची पुडी हा आळशी माणसाचा उपाय आहे, आणि आपल्याकडे सर्रास तोच चालतो.

वायरीच का, असं लोक विचारतात. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवण्यासाठी त्याला काहीतरी कुरतडत राहावं लागतं. अमेरिकेत २०१६ च्या सुमारास काही मोटारमालकांनी होंडा आणि टोयोटावर दावे लावले होते. वायरींच्या आवरणात सोयाबीनपासून केलेला माल वापरल्यामुळे उंदीर त्यांना चटावतात, असा त्यांचा आरोप होता. ऐकायला हे पटतं, पण सोयाचा काडीचाही संबंध नसलेल्या जुन्या वायरी आणि टेलिफोनच्या केबलीही उंदरांनी तितक्याच आवडीने खाल्लेल्या आहेत. होंडा मात्र दुरुस्तीसाठी एक टेप विकते, तिच्यात मिरचीचा तिखटपणा, म्हणजे कॅप्सायसिन, घातलेला असतो. तिखटाने उंदीर बिचकतो, हे आपल्या आज्यांना सांगायची गरज नव्हती.

पालघर तालुक्यात उंदीर घराकडे वळण्याचे दोन हंगाम आहेत. पहिला जूनमधला. पहिल्या मोठ्या पावसात खाचरं भरतात, बिळांत पाणी शिरतं आणि आतली बिऱ्हाडं उंचवट्याच्या शोधात निघतात. दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला. शेतातलं पीक एकदम नाहीसं होतं आणि तेच धान्य घराघरांत येऊन पडतं. उंदीर धान्याच्या मागोमाग येतो. घरउंदराच्या मादीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा, आणि पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. नोव्हेंबरात आत घुसलेली एक जोडी होळीपर्यंत काय करून ठेवते, याचा हिशेब कागदावर न केलेलाच बरा.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं आणि त्यांनी बंदोबस्तही केला होता. वारली घरातली कणगी शेणामातीने गच्च लिंपलेली असते, म्हणून तिला फट राहत नाही. दह्यादुधाचं शिंकं भिंतीपासून लांब, अधांतरी टांगलेलं असतं. चढायला आधार नाही. केळवे-माहीमच्या वाड्यांमधून नारळाच्या खोडाला पुरुषभर उंचीवर गुळगुळीत पत्र्याची पट्टी मारतात. तिच्यावर उंदराच्या नख्या टिकत नाहीत, आणि शेजारच्या झाडाची झावळी टेकत नसेल तर वरची शहाळी वाचतात. बंदरात जहाजांच्या दोरखंडावर गोल पत्र्याची तबकडी बसवतात तीही याच कारणासाठी. सातपाटी-नवापूरकडे पावसाळ्याच्या बेगमीची सुकट आणि बोंबील घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत भरतात. या सगळ्यांत विष कुठेच नाही. वाट अडवायची, एवढंच आहे.

नव्या घरांत हीच गोष्ट आपण विसरलो. तारापूर औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या माणसांसाठी बोईसर, सरावली, पास्थळ, खैरापाडा या पट्ट्यात चाळीच्या चाळी उभ्या राहिल्या. त्यांतल्या बहुतेकांवर सिमेंटचे पन्हळी पत्रे आहेत. पत्रा भिंतीवर जिथे टेकतो तिथे खाली मान घालून एकदा पाहावं: प्रत्येक पन्हळीखाली अर्धचंद्रासारखी जागा मोकळी असते. घरटी आठ-दहा तरी. लहान उंदराला आत यायला पेन्सिलीच्या जाडीचं, म्हणजे सहा मिलिमीटरचं भोक पुरतं. मोठ्याला साधारण बारा मिलिमीटरचं. पन्हळीखालून तर मांजराचं पिल्लूही येईल. कौलारू घरात हीच वाट वळचणीची, आणि फ्लॅटमध्ये एसीच्या नळीसाठी पाडलेल्या भोकाची. भोक दोन इंचांचं, नळी एका इंचाची, आणि उरलेल्या जागेत गवंड्याने वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला.

हे बंद करायला लागतं काय? सहा मिलिमीटर चौकटीची वेल्डेड जाळी, थोडं सिमेंट आणि दाराखाली मारायला पत्र्याची पट्टी. बिळात सिमेंटबरोबर फुटक्या काचा भरणारे जुने गवंडी अजून आहेत, आणि त्यांची रीत चांगली आहे. नुसता फोम किंवा सिलिकॉन भरला तर उंदीर तो खाऊन पुढे जातो. भिंतीला टेकलेली आंब्याची किंवा जांभळाची फांदी हातभर मागे छाटायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रम चुकवायचा नाही: आधी पिंजरे लावून आतले उंदीर काढायचे, मग शेवटची वाट बुजवायची. उलट केलं तर ते आतच अडकतात, मरतात, आणि पुढचे पंधरा दिवस घरात बसवत नाही.

माळा साफ करताना लेंड्या कोरड्या झाडू नयेत. धूळ उडते आणि नाकात जाते. फिनेल किंवा ब्लीचिंगच्या पाण्याने आधी भिजवायच्या, तोंडाला फडकं बांधायचं, हातमोजे घालायचे. हे वाक्य आपल्या आशा कार्यकर्तीच्या तोंडून गावात गेलं तर लोक ऐकतील. वर्तमानपत्रातून गेलं तर पान उलटतील.

गाडीसाठीही वेगळं शास्त्र नाही. रोज एकाच कोपऱ्यात, पेंढ्याच्या किंवा भंगाराच्या ढिगाशेजारी गाडी लावू नये. चार-चार दिवस ती जागची हलली नाही तर उंदीर तिला घर समजतो. बोईसर स्टेशनबाहेर दुचाकी लावून लोकलने मुंबईकडे जाणाऱ्यांची संख्या २०१३ साली डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या सुरू झाल्यापासून वाढतच गेली. त्यांच्या सीटखालच्या डिकीत रेनकोट, फडकी आणि वडापावचा कागद असा उंदराचा संसार तयारच असतो. तो काढून टाकावा. चारचाकीत एसीची हवा जिथून आत येते त्या वाटेवर जाळी बसवून मिळते. रात्री बॉनेट उघडं ठेवण्याची टॅक्सीवाल्यांची सवय गावठी वाटते, पण तिच्यात अर्थ आहे: उजेड आणि वारा आला की तिथली ऊबदार अंधारी खोली राहत नाही. सकाळी पेट्रोलचा वास आला किंवा गाडीखाली ओल दिसली तर चावी फिरवायची नाही. कुरतडलेली पेट्रोलची नळी आणि उघडी तार यांची गाठ पडली की गाडी जळते.

तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, कापूर यांवर लोकांचा भारी विश्वास. वास ताजा असेपर्यंत थोडाफार उपयोग होतो, मग उंदीर सरावतो. डांबरगोळ्यांची वाफ एसीतून घरच्या पोरांच्या नाकात जाते, ते वेगळंच. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारी यंत्रं बाजारात जोरात खपतात. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ साली अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या ६० हून अधिक कंपन्यांना, पुराव्याशिवाय दावे करू नका, असं बजावलं होतं. इथे अजून त्यांच्या खोक्यावर उंदराचं पळणारं चित्र छापलेलं असतं. चित्रातला उंदीर तेवढा पळतो.

आता विषाबद्दल, कारण ग्रामपंचायतीकडे गेलेल्या तक्रारीचा शेवट बहुधा पुड्या वाटण्यात होतो.

जुलै २०२२ मध्ये मालाडला एका बाईने उंदरांसाठी टोमॅटोला विष लावून ठेवलं होतं. तोच टोमॅटो चुकून मॅगीत पडला आणि तिचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या कुंद्रत्तूरला घरात उंदरांसाठी केलेल्या विषप्रयोगानंतर दोन लहान मुलं दगावली. दुकानात सहज मिळणाऱ्या पेस्टमधला पिवळा फॉस्फरस यकृत निकामी करतो आणि त्यावर उतारा नाही. रक्त पातळ करून मारणाऱ्या विषावर व्हिटॅमिन के हा उतारा तरी आहे; पण ते खाऊन झिंगलेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने उचलला की विष पुढे चालतं. गव्हाणी घुबड एका रात्रीत अनेक उंदीर मारतं. मलेशियात ताडतेलाच्या मळ्यांतून त्यासाठी खोकी टांगून घुबडं वसवली गेली. आपण त्याला अपशकुनी म्हणून दगड मारतो आणि उरलेलं विषाने मारतो. चिकट पुठ्ठ्यांचा प्रकार तर निव्वळ क्रूर. उंदीर तासन्‌तास तडफडतो, सोबत पाली आणि चिमण्याही चिकटतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने राज्यांना या सापळ्यांविरुद्ध सूचना दिलेल्या आहेत. तरीही किराणा दुकानात ते बिनधास्त टांगलेले दिसतात.

शेतातली गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे झिंक फॉस्फाईडचं आमिष अधिकृतपणे शिफारस केलेलं आहे: भरड धान्य ९६ भाग, खाद्यतेल दोन भाग, विष दोन भाग. पण आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष टाकून उंदराचा विश्वास मिळवावा लागतो, आणि सगळ्या शिवाराने एकाच दिवशी ते करावं लागतं. एकट्या शेतकऱ्याने केलं तर शेजारच्या बांधावरचे आठवडाभरात रिकाम्या बिळांत राहायला येतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आणि कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राचं ज्ञान हाताशी असताना ही तारीख गावोगाव एकच ठरवणं कृषी विभागाला अवघड नसावं. कातकरी माणूस तर बीळ पाहून आत कोण आहे, तोंडं किती आहेत आणि साठा कुठे आहे हे सांगतो. खणून उंदीर आणि त्याने साठवलेल्या लोंब्या दोन्ही काढण्याची त्यांची पिढीजात विद्या आहे. तिची थट्टा करण्यापेक्षा रोजगार हमीच्या दराहून बऱ्या दराने तिला काम दिलं, तर विषावरचा खर्च वाचेल.

सरकारी उंदीरमोहिमांचा आपला इतिहास मात्र करमणुकीचा आहे. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मंत्रालयातल्या उंदरांचा विषय काढला होता. कागदोपत्री सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारले गेले होते. खडसे यांनी दिवसाचा, तासाचा आणि मिनिटाचा हिशेब सभागृहात मांडला, मेलेल्या उंदरांची विल्हेवाट कुठे लावली तेही विचारलं. नंतर खुलासा आला की तो आकडा उंदरांचा नसून विषाच्या गोळ्यांचा होता. खुलासा खरा मानला तरी प्रश्न शिल्लक राहतो: सहा-सात मजल्यांच्या एका इमारतीत तीन लाखांवर गोळ्या टाकून फटी किती बुजवल्या? मुंबई महापालिकेचे रात्रपाळीचे मूषकसंहारक हातात काठी आणि बॅटरी घेऊन रात्रीला तीस उंदरांचा कोटा पुरा करतात. ते काम कष्टाचं आणि प्रामाणिक आहे, गोण्या मोजता येतात. पण तीस गेले की कचराकुंडी पुढच्या तिसांची सोय करते.

उलट उदाहरण आपल्याच रेल्वेमार्गावर, तीन-चार तासांवर आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग झाला. लाखो माणसं शहर सोडून पळाली, त्यांतल्या कितीतरी जणांच्या गाड्या पालघर-बोईसरवरून मुंबईकडे गेल्या. पुढच्या वर्षी सूर्यदेवरा रामचंद्र राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी वॉर्डात उभं केलं, कचरा रोजच्या रोज उचलायला लावला, उपाहारगृहांना आणि बाजारांना शिस्त लावली. दोन वर्षांच्या आत ते शहर देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत गणलं जाऊ लागलं. न्यू यॉर्कने डिसेंबर २०२२ मध्ये उंदरांशी लढण्यासाठी खास अधिकारी हवा अशी जाहिरात दिली, एप्रिल २०२३ मध्ये नेमणूकही केली. आणि एवढा गाजावाजा करून त्या श्रीमंत शहराने हाती काय घेतलं? पदपथावर प्लास्टिकच्या पिशव्या टाकायच्या नाहीत, कचरा झाकणाच्या डब्यात ठेवायचा. झाकण!

बोईसर आणि भोवतालच्या ग्रामपंचायतींचा कचरा हा वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांचा कायमचा विषय आहे. रस्त्याकडेला, नाल्यात, मोकळ्या भूखंडावर पडलेले ढीग आणि ते पेटवल्याचा धूर. गावाला शहराएवढी वस्ती आणि ग्रामपंचायतीएवढं बळ, अशी ही ओढाताण आहे, हे मान्य. पण घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी केवळ नगरपालिकांनाच नव्हे, तर जनगणनेत शहर म्हणून नोंदलेल्या गावांनाही बांधून घेतलं होतं, आणि २०११ च्या जनगणनेत बोईसर तसं नोंदलेलं आहे. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागातल्या दुसऱ्या टप्प्यातही घनकचरा आहेच. तेव्हा हा विषय आमच्याकडे येत नाही, हे उत्तर कुणालाच देता येणार नाही. कारखान्यांच्या कँटीनमधलं उरलेलं अन्न, स्टेशनसमोरच्या गाड्यांवरचं खरकटं आणि कोंबडीच्या दुकानांमागची घाण, या तीन ठिकाणी झाकणाचे डबे आणि रोजची उचल एवढं जरी झालं तरी परिसरातल्या उंदरांचं निम्मं रेशन बंद पडेल. निम्मं हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. मोजणी करायला कुणी तयार झालं तर उत्तमच.

तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे म्हणून एक गोष्ट इथे सांगण्याजोगी. १८ मार्च २०१३ रोजी जपानमधल्या फुकुशिमाच्या अपघातग्रस्त प्रकल्पात वीज गेली आणि वापरलेलं इंधन थंड ठेवणाऱ्या टाक्यांचं अभिसरण एक दिवसाहून अधिक काळ विस्कळीत झालं. तपासात तात्पुरत्या स्विचबोर्डात एक मेलेला उंदीर सापडला. याचा अर्थ तारापूरला काही धोका आहे असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की जगातल्या सर्वांत काटेकोर इंजिनियरांनाही बोर्डाखालचं भोक बुजवायचं राहून जाऊ शकतं. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लस ठेवण्याच्या फ्रीजची वायर, उपकेंद्रासमोर रात्रभर उभी असलेली रुग्णवाहिका, शाळेच्या कोपऱ्यात पोत्यांत ठेवलेला पोषण आहाराचा तांदूळ, हे कोण पाहतं? एखाद्याची स्विफ्ट सकाळी सुरू झाली नाही तर तो रिक्षाने जातो. बाळंतीण घ्यायला निघालेल्या रुग्णवाहिकेचं तसं नाही.

उंदरामागून येणारे पाहुणे हा आणखी एक विषय. माळ्यावर उंदीर झाले की धामण येते, आणि धामणीला बिचारीला काही विष नाही. पण त्याच वासावर नाग आणि घोणसही येतात. जमिनीवर झोपणाऱ्यांच्या घरात मण्यार रात्री चावते, तेव्हा चावल्याचं कळतही नाही. डहाणू तालुक्यात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतल्या संस्थेने सर्पदंशावर काम केलेलं आहे. त्या कामाला घरातल्या उंदरांची बाजू जोडून घेता येईल. चिकूच्या वाड्यांजवळच्या घरांत उदमांजर पोटमाळ्यावर पिल्लं घालतं आणि रात्रभर धडधड करतं. ते आणि साप दोन्ही वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, मारता येत नाहीत. वनविभागाला किंवा सर्पमित्राला बोलवायचं, पिल्लं मोठी होऊन निघून गेली की वाट जाळीने बंद करायची. वटवाघळांचंही तेच: पिल्लं उडती होण्याआधी वाट बुजवली तर ती आत उपाशी मरतात.

आपल्याकडून अपेक्षा आहेत त्या महाग नाहीत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि भातकापणीच्या तोंडावर, असे वर्षात दोन आठवडे कृषी, आरोग्य आणि ग्रामपंचायत विभागांनी एकाच वेळापत्रकाने काम करावं: शेतात सामुदायिक मोहीम, गावात कचऱ्याची उचल, घरोघर फटी दाखवत फिरणारी आशा आणि तिच्यासोबत गवंडीकाम जाणणारा एक माणूस. लेप्टोसाठी चिखलात काम करणाऱ्यांची यादी आरोग्य विभाग पावसाळ्यात करतोच. तीच यादी घेऊन घरं पाहिली तर दुप्पट काम एका फेरीत होतं. घरगुती वापरासाठी विषाच्या पुड्या वाटणं थांबवून त्या पैशांत जाळी आणि पिंजरे घ्यावेत. पिंजरे ग्रामपंचायतीत ठेवावेत, वाचनालयातल्या पुस्तकासारखे नेता-आणता येतील असे. आणि सुरुवात जिल्हा परिषदेने आपल्याच मालमत्तेपासून करावी: शाळांची कोठारं, अंगणवाड्या, आरोग्य केंद्रं, मुख्यालयातला वाहनतळ. किती भोकं बुजवली याची नोंद ठेवावी. किती उंदीर मेले याची नको, त्या आकड्यांचं काय होतं ते मंत्रालयाने दाखवून दिलं आहे.

ग्रामसभा २ ऑक्टोबरला असते. तेव्हा खाचरांतलं भात अजून उभं असतं आणि उंदीर बांधावरच असतात. त्या दिवसाच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, असं पत्र आपल्या कार्यालयातून गटविकास अधिकाऱ्यांकडे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालं, तर पन्हळी पत्र्यांखालच्या फटी बुजवायला बोईसरच्या चाळींना निदान तीन आठवडे मिळतील.

कळावे,
पालघर तालुक्यातील एक रहिवासी